एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडी बालवस्त्रे : कापड, बेतणी आणि शिवण

सारांश

एकोणिसाव्या शतकातील लहान मुलांचे कपडे आज नाट्यप्रयोग, स्नेहसंमेलने, चित्ररथ आणि संग्रहालयीन मांडणी यांसाठी पुन्हा शिवले जातात. अशा वेळी बाह्य रूपावर भर दिला जातो आणि कापडाचा पन्हा, बेतण्याची रीत, टाका व बंद यांकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात वऱ्हाडातील, विशेषतः अचलपूर-परतवाडा परिसराच्या संदर्भात, बालवस्त्रांच्या रचनेचे विवेचन केले आहे. त्या काळातील बालवस्त्राचा आकार कापडाच्या काटकसरीतून आणि मुलाच्या वाढीच्या विचारातून ठरत असे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : झबले, कुंची, टोपडे, चौबगला, कळी, बेतणी, वऱ्हाड.

प्रस्तावना

वस्त्रांच्या इतिहासात राजे, सरदार आणि प्रौढ स्त्रिया यांच्या पोशाखाला जेवढे स्थान मिळाले तेवढे बालकांच्या कपड्यांना मिळाले नाही. त्याचे कारण उघड आहे. मुलाचा कपडा एका मुलानंतर दुसऱ्याच्या अंगावर जातो, विरतो आणि शेवटी गोधडीच्या थरात किंवा पोतेऱ्यात संपतो. जे शिल्लक राहते ते बहुधा सणासुदीचे असते : एखादी खणाची कुंची किंवा जरीचे टोपडे. रोजचे झबले मात्र टिकत नाही. त्यामुळे उपलब्ध नमुन्यांवरून सर्वसाधारण बालकाचा वेश ठरवणे ही मूलभूत चूक ठरते.

परतवाडा ही मूळची एलिचपूरची छावणी. एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर हे इमादशाहीचे आणि पुढे नबाबांचे ठाणे होते. १८५३ च्या तहानंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि एलिचपूर हा १९०५ पर्यंत स्वतंत्र जिल्हा राहिला. नबाबी शहर, इंग्रजी छावणी, कापूस पिकवणारी खेडी आणि मेळघाटचा डोंगरपट्टा हे सर्व येथे काही कोसांच्या आत येते. म्हणूनच 'एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडी मूल' असे एकच चित्र रेखाटता येत नाही.

अभ्यासाची साधने आणि त्यांच्या मर्यादा

या विषयाची साधने चार प्रकारची आहेत. पहिले साधन म्हणजे घराघरांतील ट्रंकांत व संग्रहालयांत उरलेली प्रत्यक्ष वस्त्रे. दुसरे म्हणजे छायाचित्रे व चित्रे. छायाचित्रासाठी मुलाला ठेवणीतले कपडे घालत, हे लक्षात ठेवूनच त्यांचा उपयोग करावा लागतो. तिसरे साधन शब्दांचे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ मध्ये आणि दुसरी १८५७ मध्ये निघाली. वस्त्रे व शिवण यांविषयीचे तत्कालीन शब्द तपासण्यास हा कोश उपयोगी पडतो. चौथे साधन म्हणजे सरकारी नोंदी. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याआधी १८६६ मध्ये फोर्ब्स वॉटसन यांनी भारतीय कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंडांचे संच तयार केले. अशा २० संचांपैकी ७ भारतात ठेवण्यात आले. भारतातील पुष्कळसे वस्त्र मागावरून उतरल्यावर कात्री-सुई न लागता अंगावर जाते, हे वॉटसन यांचे निरीक्षण बालवस्त्रांनाही लागू पडते.

बालवस्त्रांचे प्रकार

नवजात बालकाला प्रथम नवे कापड न घालता घरातील वडीलधाऱ्यांच्या जुन्या, धुऊन मऊ झालेल्या धोतरा-लुगड्यात गुंडाळण्याची प्रथा होती. बालमृत्यूचे भय मोठे असलेल्या काळात या प्रथेमागे श्रद्धा होती आणि व्यवहारही होता. कोऱ्या कापडाची खळ तान्ह्याच्या त्वचेला बोचते, जुने सूत बोचत नाही. बाळंतविड्यात येणारी आंगडी-टोपडी, दुपटी व कुंची नंतर अंगावर चढत.

झबले मुलगा व मुलगी दोघांनाही सारखेच असे. त्या काळी युरोपातही लहान मुलगे काही वर्षे झग्यातच वावरत. कुंची ही डोके, कान व पाठ झाकणारी. आयताकृती कापड मध्यावर दुमडून मागची एक बाजू डोक्यापुरती शिवायची, मानेशी बंद लावायचे आणि उरलेले कापड पाठीवर मोकळे सोडायचे, अशी तिची साधी रचना आहे. खण, रेशीम किंवा जुन्या लुगड्याचा काठ वापरून आणि कपाळावरच्या कडेला गोट लावून ती सजवली जाई.

पुढील वयात सधन घरच्या मुलाला बंदांचा आंगरखा किंवा बाराबंदी, धोतर आणि टोपी; मुलीला परकर-पोलके किंवा चोळी आणि 'चिरडी' म्हणजे आखूड लुगडे असे. मुलींचे लग्न आठ-दहा वर्षांच्या वयात होत असल्याने त्यांचे 'बालवस्त्र' फार लवकर संपे. नवऱ्याच्या घरी त्या वयाची मुलगी लुगड्यातच दिसे. १८९१ चा संमतिवयाचा कायदा ज्या परिस्थितीत झाला, ती परिस्थिती वस्त्रांतूनही अशी वाचता येते.

शेतमजूर, बलुतेदार व डोंगरातील कोरकू कुटुंबांतील लहान मुलांच्या अंगावर बहुधा करदोडा, लंगोटी किंवा एखादे पांघरूण एवढेच असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाडाला ग्रासले होते. त्या काळावरील नाट्यप्रवेशात प्रत्येक मुलाला शिवलेले झबले घालणे हे इतिहासाला धरून होणार नाही.

कापड, रंग आणि कालनिश्चिती

नमुना शिवण्यापूर्वी दशक निश्चित करणे आवश्यक आहे. शतकाच्या पूर्वार्धात हातमागाचे, अरुंद पन्ह्याचे सुती कापड मुख्य होते. लाल रंगासाठी वऱ्हाडात लागवड होणाऱ्या आलीच्या मुळ्या आणि निळ्यासाठी नीळ वापरीत. १८६७ मध्ये लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोहोचला. येथील कापूस बाहेर जाऊ लागला आणि विलायती कापड व सूत स्वस्तात आत येऊ लागले. १८७७ मध्ये नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली. रासायनिक जांभळा रंग १८५६ मध्ये शोधला गेला आणि आलीशी स्पर्धा करणारा कृत्रिम तांबडा रंग १८६९ नंतर बाजारात आला. यावरून १८४० च्या झबल्याला झगझगीत जांभळे कापड चालणार नाही, १८९० च्या झबल्याला चालू शकेल.

शिवणयंत्राबाबतही हाच विवेक हवा. होव यांचे पेटंट १८४६ चे, सिंगर यांचे १८५१ चे. सिंगर कंपनीची यंत्रे भारतात १८७० च्या दशकापासून येऊ लागली. खेड्यापर्यंत ती पोहोचण्यास आणखी बराच काळ लागला. त्यामुळे घरगुती बालवस्त्राला शतकाच्या अखेरपर्यंत हातशिलाईच योग्य होय. चाप-बटणाचे पेटंट १८८५ चे आहे, तर साखळी म्हणजे झिप, नायलॉन व पॉलिस्टर ही विसाव्या शतकातील आहेत. बंद किंवा कापडाची घुंडी व दोऱ्याचा फासा हीच बालवस्त्राची खरी बांधणी होती.

झबल्याची बेतणी : एक आराखडा

अमेरिकेत निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने १८६३ पासून विकले जाऊ लागले. वऱ्हाडातील गृहिणी किंवा शिंपी कापडाची घडी घालून, वितीने व बोटांनी मोजूनच बेतत असे. गजाचे २४ तसू मानले जात. परंतु गजाची लांबी सर्वत्र एक नव्हती. म्हणून पुढील आराखडा इंचांत दिला आहे. तो एका वर्षाच्या बालकासाठी, २४ इंच पन्ह्याच्या ३२ इंच लांब कापडावर बेतलेला असून सर्व मापे शिलाईची दाब धरून आहेत.

(१) अंग : पन्ह्याच्या अर्ध्या भागातून १२ × ३२ इंचांची एक सलग पट्टी घ्यावी आणि खांद्यावर दुमडावी. खांद्याला शिवण येत नाही.

(२) बाह्या : उरलेल्या अर्ध्या भागातून ६ × १० इंचांचे दोन तुकडे.

(३) कळ्या : ४ × ८.५ इंचांचे दोन आयत कर्णावर कापून चार त्रिकोण. त्यांच्या सरळ बाजू अंगाला आणि तिरक्या बाजू एकमेकींना जोडल्या की खालचा घेर वाढतो.

(४) चौबगला : कळ्यांच्या शेजारी उरलेल्या पट्टीतून २.५ इंचांचे दोन चौरस. ते बगलेत तिरके बसतात.

(५) उरलेल्या १२ × १३.५ इंचांच्या तुकड्यातून टोपड्याची मधली पट्टी, दोन बाजू आणि बंद निघतात.

या मांडणीत जवळजवळ काहीच वाया जात नाही. चौबगला हा त्यातील कळीचा भाग आहे. सरळ तुकड्यांच्या कपड्यात हात वर केला की बगलेवर ताण येऊन कापड फाटते. तिरका बसवलेला चौरस तो ताण सामावून घेतो. आजच्या शिवणवर्गात बगलेला गोलाई देऊन हाच प्रश्न सोडवला जातो. मात्र त्यात कापड वाया जाते आणि जुन्या झबल्याचा झोकही हरवतो.

जोडण्या धावदोऱ्याने करून कडा दुमडून तुरपाव्यात. ताण येणाऱ्या जागी उलटी टीप घ्यावी. सुती दोऱ्याला मेण लावल्यास गुंता होत नाही. खालच्या घेराला रुंद दुमड ठेवावी. मूल वाढले की ती उसवून लांबी वाढवता येते. जुन्या वस्त्रांवर अशा उसवलेल्या दुमडीची गडद रेघ दिसते. तो दोष नसून एकाच वस्त्राने मुलाची किती वाढ पाहिली याचा तो पुरावा आहे.

पुनर्निर्मितीची शैक्षणिक उपयुक्तता

या कामात इतिहास, मराठी, गृहविज्ञान, रसायनशास्त्र आणि समाजशास्त्र या शाखांना एकत्र येता येते. झबले, कुंची, मगजी, घुंडी, चौबगला हे शब्द आणि त्यामागील हातांचे कौशल्य वयोवृद्ध स्त्रिया व परंपरागत शिंपी यांच्याकडे अजून काही प्रमाणात आहे. महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांमार्फत घरोघरच्या जुन्या बालवस्त्रांची मापे, कापड, टाके व बंद यांची नोंद करून छायाचित्रे घ्यावीत. मूळ वस्त्र उसवू नये, धुऊ नये आणि कार्यक्रमासाठी मुलाच्या अंगावर घालू नये. अंगावर घालण्यासाठी त्याबरहुकूम नवे वस्त्र शिवावे.

निष्कर्ष

१) एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडी बालवस्त्राची रचना कापडाचा पन्हा, काटकसर आणि मुलाची वाढ या तीन गोष्टींवर आधारलेली होती.

२) अचूक पुनर्निर्मितीसाठी प्रथम दशक, नंतर सामाजिक स्तर आणि शेवटी सजावट असा क्रम ठेवावा.

३) उपलब्ध भरजरी नमुने हे सर्व बालकांचे प्रतिनिधित्व करीत नाहीत. न शिवलेले किंवा अत्यल्प वस्त्र हेही त्या काळाचे सत्य आहे.

४) वस्त्रे विरत आहेत आणि ती शिवणारी पिढी वृद्ध होत आहे. म्हणून स्थानिक पातळीवरील नोंदणी हे तातडीचे काम मानले पाहिजे.