एकट्याने गायलेले समूहगीत

२०२० आणि २०२१ या वर्षांत ज्या शिक्षकांनी घरी बसून मोबाइलवर वर्ग घेतले, त्यांना एक अनुभव नक्की आला असेल. तीस मुलांना एकदम प्रार्थना म्हणायला सांगितली की प्रार्थना होत नसे, कल्लोळ होत असे. कोणी एक ओळ पुढे, कोणी अर्धी ओळ मागे. शेवटी एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून नुसते ओठ हलवायचे, अशी तडजोड करावी लागे. त्याच काळात स्कॉटलंडमधल्या एका पोस्टमनचे गाणे दूरदूरच्या अनोळखी माणसांनी त्याच्याबरोबर म्हटले, आणि ते चांगले तालासुरात जमले. हे कसे साधले?

पोस्टमनचे नाव नेथन इव्हान्स, गाव एअरड्री, वय २६. २७ डिसेंबर २०२० रोजी त्याने टिकटॉक या ॲपवर ‘वेलरमन’ हे जुने गाणे म्हणून टाकले. वाद्य नाही, साथीदार नाही. मुठीने धरलेला ठेका आणि आवाज, एवढेच. (भारतात या ॲपवर जून २०२० मध्येच बंदी आली होती.) त्या ॲपमध्ये ‘ड्युएट’ नावाची एक सोय आहे. दुसऱ्याच्या चित्रफितीशेजारी आपली चित्रफीत जोडता येते आणि दोन्हींचे आवाज एकत्र ऐकू येतात. कोणीतरी इव्हान्सच्या आवाजाखाली खर्जातला आवाज जोडला. तिसऱ्याने त्या जोडीवर आपला सूर चढवला. पुढे कोणी व्हायोलिन वाजवले. टाळेबंदीत आपापल्या खोल्यांत अडकलेल्या माणसांचा असा एक वृंद तयार झाला. मार्च २०२१ मध्ये या गाण्याची नवी आवृत्ती ब्रिटनच्या विक्री-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली.

आता प्रार्थनेकडे वळू. तिथे बिघडत होते ते वेळेचे गणित. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवरच्या माणसाचा आवाज आपल्याला सुमारे ०.०३ सेकंद उशिरा ऐकू येतो. एवढा उशीर चालून जातो. तो याहून बराच वाढला की एकत्र गाणे अवघड होत जाते. मोबाइलवरच्या वर्गात आवाजाचे तुकडे करून ते पाठवणे, पलीकडे गोळा करणे, पुन्हा जोडणे यात पुष्कळदा सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही अधिक वेळ जातो. शिवाय प्रत्येकाच्या घरचा उशीर निराळा.

हे मैदानावर करून पाहता येईल. सुमारे ८५ मीटर अंतरावर दोन विद्यार्थी एकमेकांकडे पाठ करून उभे करा. दोघांनी एकमेकांची टाळी ऐकून एका लयीत टाळ्या वाजवायच्या. पहिल्याची टाळी दुसऱ्याला पाव सेकंदाने ऐकू येते. त्याने लगेच उत्तर दिले तरी ते पहिल्याकडे पोहोचेपर्यंत अर्धा सेकंद झालेला असतो. ‘हा मागे पडतोय’ असे समजून पहिला लय कमी करतो, मग दुसराही करतो. थोड्याच वेळात टाळ्या रेंगाळू लागतात. यात कोणाचीच चूक नसते. दोघेही एकमेकांसाठी थांबत असतात, इतकेच.

ड्युएटमध्ये हे थांबणेच काढून टाकलेले आहे. पहिला गायक कोणाचेही ऐकत नाही. त्याचे गाणे आधीच पुरे झालेले असते. दुसरा ते ऐकून गातो आणि फोन दोन्ही आवाज एकाच काळरेषेवर बसवतो. दुसऱ्याने आठवड्यानंतर गायले तरी बिघडत नाही. ऐकणे एकाच दिशेने चालते. अर्थात त्याची किंमतही आहे. साथीदार दमला तर पहिला गायक लय कमी करू शकत नाही, कारण साथीदार आहे हेच त्याला ठाऊक नसते.

शिडाच्या जहाजावर नेमके उलटे असे. दोर ओढताना एक जण ओळ म्हणे, बाकीचे धृपदावर ठरलेल्या ठोक्याला एकदम ओढत. दमलेल्या हातांकडे पाहून म्हणणारा लय बदलू शके. फ्रेंच कृषी-अभियंता मॅक्स रिंगेलमान याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, आठ माणसे एकत्र काम करतात तेव्हा माणशी काम एकट्याच्या मानाने निम्म्यावर येते. थोडी अंगचोरी असते, पण सगळ्यांचा जोर एकाच क्षणी न लागणे हेही त्याचे एक कारण. ती गळती गाण्याने कमी होते. आपल्याकडे शेतातली भलरी किंवा ओझे उचलताना दिलेली ‘हैया हो’ची आरोळी याच कामाची.

काटेकोरपणे पाहता ‘वेलरमन’ हे ओढकामाचे गाणे नव्हे. ते न्यूझीलंडमधल्या देवमाशांच्या शिकारीचे कथागीत आहे. वेलर बंधूंनी १८३१ मध्ये ओटागो येथे शिकारीचे ठाणे उभारले. रसद आणणारा त्यांचा माणूस तो वेलरमन. त्या किनाऱ्यावरचे देवमासे अशा शिकारीने जवळजवळ संपले, ही गोष्ट त्या आनंदी चालीत कोणाच्या ध्यानात आली नसावी. पण ठोका ठसठशीत, धृपद सोपे आणि ओळींमध्ये खालच्या आवाजाला भरपूर जागा, यामुळे अनोळखी माणसाला त्यात शिरणे सोपे गेले.

वर्गात असे गीत चार मोबाइलवर रचता येईल. पहिल्या विद्यार्थ्याने टाळीसह गाऊन ध्वनिमुद्रण करावे. दुसऱ्याने ते कानात ऐकत, एका सप्तकाने खाली, आपला आवाज दुसऱ्या मोबाइलवर मुद्रित करावा. मग दोन्ही एकत्र वाजवून तिसऱ्याने गावे. दुसरा जरा जरी मागे पडला असेल, तरी कोणाच्या मागे जावे हे तिसऱ्याला कळत नाही. म्हणून सगळ्यांनी आवाजाचा नव्हे, पहिल्याच्या टाळीचा माग धरावा.