'रक्षिता' म्हणजे मालकीची नव्हे : तिसऱ्या शीलाचा अर्थ

पंचशीलातील तिसरे शील, म्हणजे 'कामेसु मिच्छाचारा'पासून विरती, उपासक-उपासिका नित्य ग्रहण करतात. दि. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही व्यभिचार न करण्याची प्रतिज्ञा आहे. परंतु मिच्छाचार नेमका कशास म्हणावे? मुलेमुली आपला जोडीदार स्वतः निवडू लागली आहेत आणि जुनी कलमे रद्द झाली आहेत. अशा वेळी गंगापूर परिसरातील उपासकांकडून हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो.

मज्झिमनिकायातील सालेय्यक सुत्तात पुरुषाने कोणत्या स्त्रियांशी संबंध ठेवू नये हे सांगताना मातुरक्खिता, पितुरक्खिता, भातुरक्खिता, सस्सामिका असे शब्द येतात. विनयपिटकात ही यादी वीस प्रकारांची होते. तीत 'धनक्कीता' म्हणजे धन देऊन आणलेली आणि 'धजाहटा' म्हणजे युद्धात पकडून आणलेली भार्याही आहे. हे त्या काळच्या समाजाचे चित्र आहे. तो धम्माचा आदर्श नव्हे.

यादीवरून अनेकांचा समज होतो की, स्त्री ही कोणाची तरी मालमत्ता आणि मिच्छाचार म्हणजे त्या मालमत्तेची चोरी. भारतीय दंडविधानाचे कलम ४९७ याच समजुतीवर उभे होते. पतीची संमती असेल तर त्या कलमाखाली गुन्हाच घडत नसे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ते रद्द केले. मात्र गुन्हा नाहीसा झाला म्हणून शील नाहीसे होत नाही. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण आजही आहेच.

अट्ठकथाकारांनी या यादीचे केलेले विवरण येथे महत्त्वाचे आहे. पुरुषाला वीसही स्त्रिया अगमनीय; परंतु स्त्रीच्या बाजूने परपुरुष अगमनीय ठरतो तो केवळ बारांच्या बाबतीत : दहा प्रकारच्या भार्या, वाग्दत्ता, आणि जिच्याविषयी दंड ठरविला आहे ती. आई, वडील, भाऊ, बहीण, नातलग इत्यादींनी रक्षिलेल्या उरलेल्या आठ अविवाहितांवर शीलभंगाचा दोष ठेवलेला नाही. म्हणजे भाऊ हा रक्षक आहे, स्वामी नाही.

हा भेद केवळ पंडितांच्या चर्चेचा नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये आमच्या शेजारच्या वैजापूर तालुक्यात, स्वतःच्या पसंतीने विवाह केलेल्या १९ वर्षांच्या मुलीची निर्घृण हत्या झाली. अटक झाली ती तिच्या आईला व भावाला. 'मातुरक्खिता' आणि 'भातुरक्खिता' हे शब्द उच्चारताना ही घटना आम्हांस विसरता येत नाही. कुलाच्या अब्रूसाठी तिसऱ्या शीलाचा आधार घेऊन पहिलेच शील मोडणे, याहून मोठा विपर्यास कोणता?

मग कसोटी कोणती? संयुत्तनिकायातील वेळुद्वारेय्य सुत्तात तथागतांनी ती दिली आहे : जे माझ्या बाबतीत घडलेले मला अप्रिय वाटेल, ते मी दुसऱ्याच्या बाबतीत कसे करावे? सिगालोवाद सुत्तात तर पतीने पत्नीशी आणि पत्नीने पतीशी अतिचार करू नये, असे दोघांनाही सारखेच कर्तव्य सांगितले आहे. पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, हेही पतीच्या कर्तव्यांत येते.

या कसोटीने पाहिल्यास बदललेल्या काळाचे भय वाटण्याचे कारण नाही. सज्ञान मुलीने उघडपणे जोडीदार निवडणे हा मिच्छाचार नव्हे. विवाहाचे खोटे वचन देऊन तिला फसविणे, पत्नीला अंधारात ठेवून दुसरा संसार थाटणे, अजाण मुलीचे लग्न लावून तिला नवऱ्याच्या हाती देणे, हे मात्र शीलाला बाधक आहे. मग गावाने त्यास मान्यता दिलेली असो वा नसो.

शील ग्रहण करणारा प्रथम स्वतःच्या वर्तनावर पहारा ठेवतो. आपल्या घरातील मुलीचे रक्षण करावयाचे असेल, तर तिला आपल्याजवळ निर्भयपणे बोलता यावे, एवढी जागा घरात ठेवणे हे त्या रक्षणाचे पहिले लक्षण होय.