बाबांची टप उघडणारी हेराल्ड विकताना

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की आमची जुनी ट्रायम्फ हेराल्ड विकली. त्यावर तुमचे इतके मेसेज आले की आजचा भाग त्यावरच.

"का विकली?" याचं उत्तर सोपं आहे. बाबांचे गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत, आणि जुनी गाडी नुसती उभी राहिली की जास्त बिघडते. "कशी विकली?" हे मात्र नीट सांगायला हवं.

गाडी 1962 ची, टप मागे घडी होणारी, म्हणजे कन्व्हर्टिबल. बाबांकडे 1989 पासून. पहिलं गिऱ्हाईक आलं, त्याने रंगाकडे बघितलंही नाही. वाकून नंबरची पट्टी वाचली आणि विचारलं, "मुळातच ओपन आहे, की छप्पर काढलंय?"

मला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. हेराल्ड 1959 साली इंग्लंडमध्ये आली. तिची चासी वेगळी, बॉडीचे भाग तिच्यावर बोल्टने बसवलेले, आणि छप्परसुद्धा बोल्टवरच. त्यामुळे साध्या हेराल्डचं छप्पर काढून तिला 'कन्व्हर्टिबल' बनवता येतं. मूळ कन्व्हर्टिबलच्या पट्टीवर नंबरच्या शेवटी 'सीव्ही' अक्षरं असतात. आमच्या गाडीवर ती होती. म्हणून पहिली गोष्ट: पट्टी, चासी नंबर, इंजिन नंबर आणि आरसी बुक आधी स्वतः ताडून बघा. गिऱ्हाइकासमोर फरक सापडला तर सौदा तिथेच अडतो.

दुसरी गोष्ट, दोष लपवू नका. डिकीच्या तळाला गंज होता. मी म्हटलं, "बाबा, रंगाचा हात मारून घेऊ." ते म्हणाले, "नवा रंग दिसला की तो विचारेल, खाली काय झाकलंय?" आणि त्यांनी त्यांची वही काढली. कधी ऑइल बदललं, कधी ब्रेकचं काम केलं, टपाचं कापड कधी नवीन शिवलं, सगळं तारखेनिशी. टप ओला असताना घडी घालायचा नाही, नाहीतर बुरशी धरते, हेसुद्धा त्यात लिहिलेलं. गंज आम्ही टॉर्च मारून दाखवला. भाव थोडा उतरला, पण बाकीच्या गाडीवर त्याचा विश्वास बसला.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तो म्हणाला, "पैसे घ्या, गाडी आज नेतो, कागद नंतर करू." बाबा भिडेखातर हो म्हणणारच होते. मी थांबवलं. का, ते ऐका. 2018 साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. तिथे गाडी हातोहात पुढे विकली गेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मूळ मालकावर आली. विचार करा, पैसे खर्च होऊन गेलेत, गाडी दुसऱ्याच्या दारात आहे, आणि नोटीस मात्र तुमच्या बाबांच्या नावाने!

म्हणून फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या, अर्ज दाखल झाला, नाव बदललं, आणि मगच चावी दिली. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हेही लक्षात ठेवा.

आणखी एक. 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची 2021 च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. घेणाऱ्याला ती रोज फिरवायची आहे का, हे आधीच विचारा.

चावीबरोबर बाबांनी वहीही देऊन टाकली. मी म्हटलं, निदान वही तरी ठेवा. ते म्हणाले, "अरे, ती गाडीची आहे, माझी नाही."

तुमच्या घरात अशी कुठली जुनी गाडी उभी असेल तर आज तिचं आरसी बुक शोधून ठेवा. भेटू पुढच्या भागात!