वास्तुचित्रण

वास्तुचित्रण म्हणजे बांधावयाच्या किंवा बांधून झालेल्या वास्तूचे प्रमाणबद्ध आरेखन आणि त्या आरेखनाच्या आधारे रंग, छाया व परिसर यांसह काढलेले तिचे चित्र होय. यांपैकी चित्राला व्यवहारात 'रेंडरिंग' किंवा 'थ्रीडी' असे म्हटले जाते. वास्तू उभी राहण्यापूर्वी तिच्यातील उणिवा कागदावर लक्षात याव्यात, हा वास्तुचित्रणाचा मुख्य हेतू आहे. कागदावरची भिंत खोडून पुन्हा काढता येते. बांधलेली भिंत पाडण्यास पैसा आणि वेळ लागतो. स्वतःच्या घराची कल्पना करणाऱ्या कुटुंबासाठी या फरकाचे मोल फार मोठे असते.

## आरेखनाचे प्रकार

वास्तूचे संपूर्ण ज्ञान एका चित्रातून होत नाही. त्यासाठी परस्परपूरक अशी चार आरेखने काढली जातात.

* तलविन्यास : बोलीभाषेत यालाच नकाशा किंवा प्लॅन म्हणतात. जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर घर आडवे कापले आणि वरून पाहिले तर जे दिसेल ते येथे दाखवतात. खोल्यांचा परस्परसंबंध, दारे, खिडक्या आणि भिंतींची जाडी यातून कळते.
* दर्शनी आरेखन : घराची एक बाजू समोरून, कोणताही कोन न देता दाखवणारे आरेखन, प्रचलित नाव एलिव्हेशन.
* उभा छेद : घर वरून खाली कापले असता दिसणारे आरेखन. जोत्याची उंची, छताचा उतार, जिन्याच्या पायऱ्या आणि छज्जाची खोली यातूनच समजते.
* यथार्थदर्शन : डोळ्यांना वास्तू जशी दिसते तसे, दूरच्या वस्तू लहान दाखवणारे चित्र.

पहिल्या तीन आरेखनांवर मोजपट्टी ठेवून माप घेता येते; यथार्थदर्शनावर सरळ माप घेता येत नाही. म्हणून बांधकाम पहिल्या तिघांवरून होते आणि यथार्थदर्शन समजुतीसाठी असते.

## इतिहास

रोमन वास्तुविद विट्रुव्हियस याने तलविन्यास, दर्शनी आरेखन व यथार्थदर्शन असे तीन प्रकार आपल्या ग्रंथात नोंदवले आहेत. यथार्थदर्शनाचे भूमितीय नियम पंधराव्या शतकात इटलीतील फ्लॉरेन्स येथे ब्रुनेलेस्की व आल्बेर्ती यांच्या कार्यातून स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातील एक प्रसिद्ध उदाहरण मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या संकल्पनेवरून चित्रकार एक्सेल हेग यांनी १८७८ मध्ये या स्थानकाचे जलरंगातील यथार्थदर्शन तयार केले. बांधकाम त्याच वर्षी सुरू होऊन सुमारे दहा वर्षे चालले. अर्थात, स्थानक पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी ते चित्रात पाहता येत होते. भारतात स्थायिक झालेले वास्तुविद लॉरी बेकर यांनी याउलट वाट धरली. अल्पखर्ची बांधकामाची तत्त्वे त्यांनी साध्या, मुक्तहस्त रेखाटनांच्या पुस्तिकांतून मांडली.

## प्रमाण

प्रत्यक्ष माप आणि कागदावरील माप यांच्या गुणोत्तराला प्रमाण म्हणतात. घराच्या तलविन्यासासाठी १:१०० किंवा १:५०, तर खिडकी अथवा छज्जा यांच्या तपशिलासाठी १:२० किंवा १:१० हे प्रमाण सोयीचे असते. फुटांत काम करणारे कारागीर 'आठ फुटांना एक इंच' हे प्रमाण वापरतात. ते १:९६ होते.

उदाहरणार्थ, ३० × ४० फूट भूखंड मीटरमध्ये सुमारे ९.१ × १२.२ होतो. १:१०० प्रमाणात तो ९.१ × १२.२ सेंमी जागा व्यापतो, तर १:५० प्रमाणात १८.३ × २४.४ सेंमी. दोन्ही आरेखने ए-४ आकाराच्या साध्या कागदावर मावतात. चौकटींची वही, मोजपट्टी, त्रिकोणी गुण्या आणि पेन्सिल एवढ्या साहित्यावर हे काम सुरू करता येते. शासकीय रेखाकला परीक्षांसाठी भूमितीचा अभ्यास केलेल्या विद्यार्थ्याला त्यातील बहुतेक क्रिया परिचित असतात.

## यथार्थदर्शनाची रीत

यथार्थदर्शनात पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर क्षितिजरेषा आखतात. घराच्या एकमेकींना समांतर असलेल्या आडव्या कडा दूर जाताना या रेषेवरील एका बिंदूत मिळतात. त्यास लोपबिंदू म्हणतात. खोलीच्या समोरच्या भिंतीकडे सरळ पाहिल्यास एक लोपबिंदू पुरतो. घराचा कोपरा दाखवायचा असल्यास दोन लागतात.

क्षितिजरेषेची उंची हा निर्णय बारकाईने घ्यावा लागतो. उभ्या माणसाची दृष्टी जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असते, तर जमिनीवर बसलेल्याची पाऊण मीटरच्या आसपास. घराचे चित्र पक्ष्याच्या उंचीवरून काढले की ते आकर्षक दिसते. परंतु त्या ठिकाणाहून घरातले कोणीही घर पाहत नाही.

## ऊन, सावली आणि वर्ध्याचे हवामान

चित्रातील सावली केवळ शोभेसाठी नसते. सूर्याची दिशा आणि उंची खरी धरली तर तीच सावली घराच्या सुखसोयीचा हिशेब सांगते. वर्धा शहर सुमारे २०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचते. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ थेट डोक्यावर असतो.

६० सेंमी पुढे आलेल्या छज्जाचे उदाहरण घेतल्यास पुढील गोष्टी गणिताने निघतात :

* दक्षिणेच्या खिडकीवर २१ मार्चच्या मध्यान्ही सूर्याची उंची सुमारे ६९ अंश असते. छज्जाची सावली १५९ सेंमी खाली उतरते आणि नेहमीची खिडकी पूर्ण झाकली जाते.
* डिसेंबरच्या उत्तरार्धात हीच उंची सुमारे ४६ अंश असते. सावली केवळ ६२ सेंमी पडते व हिवाळ्याचे ऊन घरात येते.
* पश्चिमेच्या खिडकीवर मे महिन्यात दुपारी चारच्या सुमारास सूर्य ३४ अंशांच्या जवळपास असतो. तोच छज्जा तेथे जेमतेम ४१ सेंमी सावली देतो. खिडकीचा मोठा भाग उन्हातच राहतो.

दक्षिणेला पुरणारा छज्जा पश्चिमेला पुरत नाही. पश्चिमेस २.४ मीटर, म्हणजे आठ फूट रुंदीची छपरी किंवा ओसरी दिली तर त्याच वेळी सावली सुमारे १६५ सेंमी खाली येते. विदर्भातील जुन्या घरांच्या पुढील छपरीमागचे हे भूमितीय कारण आहे. दर्शनी आरेखनात दोन्ही छज्जे सारखेच दिसतात. भेद फक्त छेदात आणि सावलीच्या रेषेत उघड होतो.

## वर्धा जिल्ह्यातील उदाहरणे

### सेवाग्राम आश्रम

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळील शेगाव या खेड्यात आले. पुढे या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. आश्रमातील आदी निवास, बापू कुटी व इतर कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलू अशा परिसरातील साहित्यातून उभारल्या गेल्या. बापू कुटी ही मूळची मीराबेन यांची कुटी होय. तिच्या मातीच्या भिंतीवर त्यांनी ताडाची झाडे आणि चरखा यांच्या उठावदार आकृती घडवल्या. तत्त्वचिंतक इव्हान इलिच यांनी जानेवारी १९७८ मध्ये सेवाग्राम येथील भाषणात या कुटीचाच आधार घेऊन घर आणि मानवी गरज यांविषयी विचार मांडले.

वास्तुचित्रणाच्या विद्यार्थ्यासाठी ही कुटी उत्तम पाठ आहे. केवळ दर्शनी बाजू काढली तर बसके छप्पर आणि मातीची भिंत यापलीकडे फारसे हाती लागत नाही. छेद काढताना मात्र भिंतीची जाडी, खाली उतरलेली पागोळी, कवेलूंचा थर आणि सावलीतील ओसरी यांचा परस्परसंबंध स्पष्ट होतो. येथील जीवन जमिनीवर बसून चालणारे होते. त्यामुळे अंतर्भागाचे यथार्थदर्शन बसलेल्या माणसाच्या दृष्टिउंचीवरून काढल्यासच खोलीचे खरे परिमाण कळते.

मातीच्या वास्तूंना वरचेवर लिंपण आणि कवेलूंची फेरमांडणी लागते. अशा वास्तूंची मापे घेऊन काढलेली आरेखने, म्हणजेच मोजणी-आरेखने, दुरुस्तीच्या वेळी मूळ स्वरूपाचा पुरावा ठरतात. मोजणीपूर्वी व्यवस्थापनाची परवानगी घेणे आणि भिंतींना स्पर्श न होईल अशी काळजी बाळगणे आवश्यक असते.

### ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र

देवेंद्र कुमार यांनी १९७६ मध्ये वर्धा येथे स्थापन केलेल्या या संस्थेने ग्रामीण गृहबांधणीवर काम केले. कुंभाराच्या चाकावर घडवलेली, पेल्यासारखी निमुळती मातीची कवेलू एकात एक बसवून कमानदार छत रचण्याची पद्धत हे त्याचे ठळक उदाहरण. अशा छताला सरळ तुळई नसते व कमानीचा रेटा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर येतो. म्हणून कमानीची वक्रता छेदात अचूक मांडावी लागते. रंगीत चित्रावरून असे छत बांधता येत नाही.

## वैयक्तिक प्रकल्पाचा क्रम

१. भूखंडाची मापे स्वतः घ्यावीत. उत्तर दिशा, रस्ता, झाडे, विहीर आणि पाण्याचा उतार नोंदवावा.

२. घरातील माणसे आणि त्यांचा दिनक्रम लिहून काढावा. वृद्धांची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतील अंतर यावरून ठरते.

३. तलविन्यास काढून त्यात पलंग, कपाट, ओटा ही प्रमाणात दाखवावीत. रिकामी खोली कागदावर नेहमी मोठी भासते. दार उघडण्याची चापरेषाही आखावी.

४. किमान एक उभा छेद काढावा. तो जिन्यातून किंवा पश्चिमेच्या भिंतीतून जावा.

५. दर्शनी आरेखन वरील दोहोंतून उतरवून घ्यावे.

६. शेवटी यथार्थदर्शन व रंगकाम करावे. जलरंगात उजेडाच्या जागा कोऱ्या ठेवून फिकट छटेपासून गडद छटेकडे जातात.

संगणकावर हाच क्रम पाळता येतो. ब्लेंडर हे मुक्त, तर स्केचअप हे सोपे म्हणून लोकप्रिय असलेले साधन आहे. अक्षांश, रेखांश, तारीख व वेळ दिल्यास संगणक खरी सावली दाखवतो. मात्र उत्तर दिशा बिनचूक भरलेली असावी लागते.

## मर्यादा

आकर्षक थ्रीडी चित्रात आकाश निळे, झाडे पूर्ण वाढलेली आणि रस्ता रिकामा असतो. पाण्याची टाकी, विजेच्या तारा, शेजारची भिंत आणि कूलर बहुधा वगळले जातात. अशा चित्रावर विसंबून दर्शनी बाजूवर खर्च करणाऱ्या कुटुंबाला पश्चिमेची तापणारी खोली मात्र राहायला गेल्यावरच कळते. म्हणून चित्र पाहताना ते कोणत्या वेळचे, कोणत्या उंचीवरून आणि काय वगळून काढले आहे, हे विचारणे योग्य होय.

वास्तुचित्र म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे. भारतात 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावण्यासाठी वास्तुविद अधिनियम, १९७२ अन्वये नोंदणी लागते. मंजुरीच्या नकाशात भूखंडाची हद्द जाड काळ्या रेषेने, प्रस्तावित बांधकाम लाल रंगाने आणि पाडावयाचा भाग पिवळ्या तिरप्या रेषांनी दाखवण्याचा संकेत आहे. पाया, तुळया व लोखंड यांची परिमाणे अभियंत्याकडूनच ठरवून घ्यावी लागतात. स्वतः काढलेल्या आरेखनाचा खरा उपयोग त्यांच्यासमोर बसताना होतो : आपली गरज मापांत सांगता येते आणि समोरचा नकाशा वाचता येतो.

## हे सुद्धा पहा

* यथार्थदर्शन
* बापू कुटी
* लॉरी बेकर
* छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस