सकाळी दोन वाजता भरणारी शाळा

आफ्रिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? रणरणतं ऊन? वाळू? सिंह? मग एकदा ऑगस्टमध्ये इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला, उतरून बघा. विमानतळाबाहेर आलात की आधी स्वेटर शोधाल! आभाळ भरून आलेलं, पावसाची झड लागलेली आणि कितीतरी माणसं पांढऱ्या सुती शाली अंगाभोवती लपेटून चाललेली.

विषुववृत्त इथून जेमतेम ९ अंशांवर आहे. मग एवढा गारवा कुठून आला? उंचीमुळे! हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटरवर वसलंय. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्याही वर ७०० मीटर, आणि तिथे लाखो लोकांचं शहर! हवा विरळ असल्यामुळे नव्या पाहुण्याला जिना चढतानाही धाप लागते. पाणी तर साधारण ९२ अंशांनाच उकळायला लागतं. उकळी आली तरी पाणी आपल्याकडच्यापेक्षा कमी तापलेलं, म्हणून कडधान्यं शिजायला जास्त वेळ घेतात.

पण खरी गंमत घड्याळाची. तुमच्या फोनवर सकाळचे सात वाजलेले असतात, आणि शेजारचे आजोबा सांगतात, ‘‘एक वाजला.’’ आठ वाजता भरणारी शाळा तिथे दोन वाजता भरते! आजोबांचं घड्याळ बिघडलेलं नाही बरं का. इथे दिवसाचे तास मोजायचे ते सूर्य उगवल्यापासून. उजाडल्यावर एक तास झाला की एक वाजला. संध्याकाळी बारा वाजले की रात्रीचे तास पुन्हा एकपासून सुरू. मला तर ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडेही पूर्वी घटका सूर्योदयापासून मोजायचे, आणि पंचांगातला वार आजही सूर्योदयालाच बदलतो.

हे घड्याळ लंडनमध्ये चालेल का? मुळीच नाही! तिथे हिवाळ्यात दिवस आठ तासांचाही नसतो आणि उन्हाळ्यात सोळा तासांच्या पुढे जातो. सूर्य आज एका वेळी, तर काही महिन्यांनी भलत्याच वेळी उगवणार. अदिस अबाबात मात्र वर्षातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत छोटा दिवस यांत फरक असतो फक्त तासाभराचा. विषुववृत्ताजवळचा सूर्य असा वक्तशीर असतो, म्हणूनच त्याच्यावर घड्याळ लावता येतं.

भूक लागली? ताटभर पसरलेली इंजेरा खा. टेफ नावाच्या इवल्याशा धान्याचं पीठ आंबवून केलेली, मोठ्या आंबोळीसारखी जाळीदार. वर डाळी, भाज्या वाढलेल्या. सगळे एकाच ताटात जेवतात आणि आवडत्या माणसाला हाताने घास भरवतात. आणि हो, आपल्या चटणीतले कारळेही मूळचे इथिओपियाचेच!

आता दिनदर्शिका बघा. तिच्यात महिने तेरा! बारा महिने प्रत्येकी ३० दिवसांचे, आणि तेरावा पागुमे, फक्त ५ दिवसांचा. दर चौथ्या वर्षी तो ६ दिवसांचा होतो. नवं वर्ष सप्टेंबरात येतं, पाऊस ओसरून माळावर पिवळी फुलं फुलतात तेव्हा. शिवाय त्यांचं साल आपल्या इंग्रजी सालाच्या सात-आठ वर्षं मागे. म्हणून सन २००० चं स्वागत त्यांनी केलं ते १२ सप्टेंबर २००७ ला!

आता तुमचं जन्मसाल तिथलं कोणतं, ते काढा. वाढदिवस १ जानेवारी ते १० सप्टेंबरपर्यंत असेल, तर सालातून ८ वजा करा. १२ सप्टेंबर किंवा त्यानंतर असेल, तर ७. आणि नेमका ११ सप्टेंबर असेल तर? तुमच्या जन्मसालाच्या पुढचं साल लीप आहे का, ते तपासा. नसेल, तर तुमचा जन्म त्यांच्या नववर्षाच्या दिवशीचा, ७ वजा करा. असेल, तर ८ वजा करा, कारण तुम्ही जन्मलात पागुमेच्या सहाव्या दिवशी, आणि तिथे तुमचा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच येणार!