कोण खोळंबले, कोणी खोळंबवले

१९९०च्या सुमारास समांतर संगणकावर प्रोग्राम रेंगाळला, की समोर रंगीत पट्ट्या यायच्या. ओक रिज प्रयोगशाळेच्या ‘पॅराग्राफ’ या साधनात राबणारा प्रोसेसर हिरवा, रिकामा बसलेला लाल. सोळा पट्ट्या माणूस वाचेल. हजार कोण वाचणार?

विस्कॉन्सिन विद्यापीठात बार्टन मिलर यांच्या गटाने ‘पॅराडिन’ रचून हे वाचन यंत्राच्याच गळ्यात घातले. १९९५ साली त्यावरचा लेख आला. का, कुठे, कधी हे तीन प्रश्न धरून ते साधन शोध घ्यायचे. मोजणीचा कोड चालत्या प्रोग्राममध्येच घुसवायचा, संशय फोल ठरला की काढून टाकायचा. सरसकट सगळे नोंदवत बसण्यापेक्षा ही युक्ती मला फार देखणी वाटते.

जर्मनीत युलिश संशोधन केंद्राच्या मंडळींनी उलट वाट धरली. प्रोग्राम चालताना नोंदी ठेवायच्या, नंतर त्यांत ठरावीक दुखणी हुडकायची. सर्वांत ओळखीचे दुखणे ‘लेट सेंडर’चे: एका प्रोसेसरने निरोप घ्यायला हात पुढे केला, पण पाठवणारा अजून स्वतःच्याच आकडेमोडीत गुंतलेला. किती वेळ फुकट गेला ते त्यांची ‘कोजॅक’ आणि पुढे ‘स्कलास्का’ ही साधने चोख सांगत. पण बोट जायचे ते ताटकळणाऱ्याकडे. उशीर करणारा नामानिराळा, आणि कधी कधी तोही तिसऱ्याच कुणामुळे अडकलेला.

२००३ साली लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या ‘आस्की क्यू’ या महासंगणकावरचा प्रकार तर याहून चकवा देणारा. ‘सेज’ हा प्रोग्राम गणिती अंदाजापेक्षा बराच मंद चालत होता. प्रत्येक नोडवर, म्हणजे त्यात जोडलेल्या एकेका संगणकावर, चार प्रोसेसर. त्यांतले तीनच वापरले, तर मोठ्या रनमध्ये काम उलट लवकर उरके! ऑपरेटिंग सिस्टिमची बारीकसारीक कामे कुठल्या ना कुठल्या नोडवर क्षणभर प्रोसेसर बळकावत आणि बाकीचे हजारो त्या एकासाठी थांबत. ती कामे आवरल्यावर, प्रोग्रामला हातही न लावता, वेग सुमारे दुप्पट झाला. हे माणसांनी मॉडेल मांडून शोधले, कुठल्या आयत्या साधनाने नव्हे.

२०१०मध्ये स्कलास्काच्या मंडळींनी नोंदी शेवटाकडून सुरुवातीकडे चालवून पाहिल्या. खोळंब्याचा भुर्दंड एकेक पायरी मागे नेत मूळ उशीर करणाऱ्याच्या खात्यावर टाकला. आस्की क्यूसारखा चोर मात्र यातूनही निसटू शकतो. नोंदी असतात त्या प्रोग्रामच्या; सिस्टिमने बळकावलेला क्षण तिथे सरळ ‘आकडेमोड चालू’ म्हणून लागतो.