गळ्यातले पदक, छातीतले हृदय

पुण्यातील एका सरकारी कार्यालयात काम करणाऱ्या ५१ वर्षांच्या गृहस्थांच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वर खिळ्यांची एक रांग आहे. तिच्यावर अकरा पदके लटकतात. त्यातले एकही पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचे नाही. शाळेत असताना धावण्याच्या शर्यतीत त्यांना कधी कोणी संघात घेतले नव्हते. वयाच्या ४४व्या वर्षी रक्तातील साखर सीमारेषेवर आली, डॉक्टरांनी ‘चाला’ म्हणून सांगितले, आणि ते तळजाईच्या टेकडीवर जाऊ लागले. चालता चालता पळू लागले. दीड वर्षाने दहा किलोमीटरच्या शर्यतीत नाव घातले आणि ती पूर्ण केली.

त्या दिवशी परतताना पीएमपीच्या बसमध्ये पदक गळ्यातच होते. कंडक्टरने तिकीट देताना विचारले, “काका, पहिले आलात का?”

“नाही हो,” ते म्हणाले, “पोहोचलो.”

या एका शब्दात हौशी धावपटूचा सगळा आनंद आहे. मात्र या आनंदासोबत एक गैरसमजही घरात येतो. तो काय असतो, हे याच गृहस्थांच्या बाबतीत पुढे दिसले.

पोहोचण्याचे बक्षीस

पूर्वी शर्यत म्हटली की बक्षिसे तीन. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. मोठ्या शहरांतील सार्वजनिक शर्यतींनी हे चित्र बदलले. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची, तर यवतेश्वरचा घाट चढायला लावणारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासूनची. आता जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतही पाच, दहा आणि एकवीस किलोमीटरच्या शर्यती होतात. ठरवून दिलेल्या वेळेत अंतर पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला तिथे ‘फिनिशर’ पदक मिळते. सर्वांत पुढचा आणि सर्वांत मागचा या दोघांच्या गळ्यात पडणारे हे पदक सारखेच असते. म्हणूनच घर आणि नोकरी सांभाळून पहाटे साडेचारला उठणाऱ्या गृहिणी, शिक्षक, पोलीस आणि निवृत्त मंडळींना ते आपले वाटते.

या आनंदाला शरीरशास्त्राचाही आधार आहे. धावल्यावर वाटणाऱ्या प्रसन्नतेचे श्रेय अनेक वर्षे एंडॉर्फिन या द्रव्याला दिले जाई. अलीकडच्या संशोधनात वेगळेच दिसते. जर्मनीतील एका प्रयोगात ६३ धावपटूंपैकी काहींना एंडॉर्फिनचा परिणाम रोखणारे औषध देऊन ट्रेडमिलवर धावायला लावले. तरीही त्यांना ती प्रसन्नता वाटलीच. रक्तात वाढली होती ती एंडोकॅनाबिनॉइड नावाची, शरीरातच तयार होणारी द्रव्ये. मनाची चिंता कमी करण्याचे काम बहुधा तीच करत असावीत.

दुसरा भाग मनाचा. माणसाला गाठायला एक ठरावीक खूण लागते. मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यांच्या ९० लाखांहून अधिक वेळा तपासल्या, तेव्हा चार तास पूर्ण होण्याच्या अगदी आधी पोहोचणाऱ्यांची गर्दी दिसली. त्या वेळेनंतर लगेच संख्या घसरते. तीन तास एकोणसाठ मिनिटे आणि चार तास एक मिनिट यांत हृदयाच्या आरोग्याच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. तरीही त्या दोन मिनिटांसाठी माणूस उरलीसुरली ताकद पणाला लावतो. पदकही अशीच खूण आहे. ते समोर असले की पहाटेचा गजर बंद करून झोपणे अवघड जाते. औषधाच्या चिठ्ठीला जे जमत नाही, ते अनेकदा या धातूच्या चकतीला जमते.

कमाई आधीच झालेली असते

शर्यतीचा दिवस हा तसे पाहिले तर आरोग्याचा दिवस नाही. त्या दिवशी शरीर थकते, स्नायूंचे धागे तुटतात, पाणी आणि क्षार कमी होतात. खरा फायदा होतो तो आधीच्या महिन्यांत. लंडन मॅरेथॉनमध्ये पहिल्यांदाच धावणाऱ्या १३८ निरोगी व्यक्तींची तपासणी सरावाआधी आणि शर्यतीनंतर करण्यात आली. सुमारे सहा महिन्यांच्या सरावाने त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ४ अंकांनी, तर खालचा ३ अंकांनी उतरला. मुख्य रोहिणीचा ताठरपणा इतका कमी झाला की ती जणू चार वर्षांनी तरुण झाली. वयाने मोठ्या आणि हळू धावणाऱ्या पुरुषांना याचा लाभ अधिक मिळाला. मागे राहणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

‘पळून गुडघे झिजतात’ हे वाक्य प्रत्येक हौशी धावपटूने घरी ऐकलेले असते. अनेक अभ्यासांची एकत्र छाननी केली असता गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के, तर बैठे आयुष्य जगणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आढळला. स्पर्धात्मक पातळीवर धावणाऱ्यांमध्ये मात्र तो १३.३ टक्के होता. बेताने धावणे गुडघ्यांना मानवते, अति झाले की नाही, असाच याचा अर्थ.

“ॲसिडिटी असेल”

आता मूळ गृहस्थांकडे वळू. अकरावे पदक एकवीस किलोमीटरचे होते. बारावे साताऱ्याच्या घाटाचे आणायचे, असे ठरले होते. त्यासाठी सकाळी तळजाईचा चढ आणि रविवारी सिंहगड असा सराव सुरू झाला. शर्यतीला महिना असताना चढावर छातीच्या मध्यभागी दाटून येऊ लागले. थोडे थांबले की दोन-तीन मिनिटांत बरे वाटे. उतारावर काहीच होत नसे. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून त्यांनी गोळी सुरू केली. मित्रांना सांगितले तर ते म्हणाले, “एकवीस किलोमीटर पळणाऱ्याला काय धाड भरलीय?”

हाच तो गैरसमज. पदक म्हणजे जणू हृदयाचे प्रमाणपत्र, असे धावणाऱ्यालाही वाटते आणि भोवतालच्यांनाही. प्रत्यक्षात पदक एवढेच सांगते, की त्या दिवशी त्या माणसाने ते अंतर पूर्ण केले. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या आत काय साचले आहे, हे ते सांगत नाही. नियमित व्यायामाने हृदयविकाराचा धोका निश्चित घटतो, पण शून्य होत नाही. या गृहस्थांच्या वडिलांना ५६व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. स्वतः त्यांनी पंधरा वर्षे तंबाखू खाल्लेली होती. सात वर्षांच्या धावण्याने हा सगळा हिशेब पुसला जात नाही. त्यातच आपल्याकडे हा आजार लवकर गाठतो. अनेक देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियाई लोकांत ५३, तर इतर देशांतील लोकांत जवळपास ५९ आढळले.

चढावर दुखते आणि थांबल्यावर राहते, यामागचे गणित सोपे आहे. विश्रांतीत हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. चढ पळताना हे काम तीन-चार पटींनी वाढते, म्हणून हृदयाच्या स्नायूलाही जास्त रक्त लागते. वाहिनी अरुंद झालेली असेल तर मागणी वाढते, पण पुरवठा वाढत नाही. स्नायू उपाशी राहतो आणि छाती दाटते. थांबलो की मागणी उतरते आणि बरे वाटते. कधी छातीऐवजी जबडा, खांदा किंवा डावा हात दुखतो. कधी नुसताच, नेहमीपेक्षा वेगळा दम लागतो.

घरात ही गोष्ट लक्षात आली ती पत्नीच्या. “अहो, ॲसिडिटी काय चढ बघून होते का?” त्यांनी विचारले. “जेवल्यावर नाही, झोपताना नाही, नेमकी टेकडीवरच होते?”

दुसऱ्या दिवशी ती दोघे सरकारी रुग्णालयात गेली. विश्रांतीतला ईसीजी सामान्य आला. अनेक जण इथेच निर्धास्त होऊन परत फिरतात. परंतु श्रमातला दोष विश्रांतीत दिसेलच असे नाही. ट्रेडमिलवरच्या चाचणीत, वेग आणि चढ वाढताच ईसीजीतील रेषा खाली गेली. अँजिओग्राफीत एका मुख्य वाहिनीत मोठा अडथळा दिसला. तिथे स्टेंट बसवला गेला आणि गोळ्या सुरू झाल्या. सातारची शर्यत झाली, तेव्हा ते घराजवळच्या बागेत सपाट रस्त्यावर वीस मिनिटे चालत होते.

धोका किती, आणि कोणता

हे वाचून कोणी बूट माळ्यावर टाकू नयेत. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या १ कोटी ९ लाख जणांपैकी ५९ जणांचे हृदय बंद पडले. त्यांपैकी ४२ दगावले. २०१० ते २०२३ या पुढच्या काळात २ कोटी ९० लाखांहून अधिक धावपटूंमध्ये अशा १७६ घटना घडल्या आणि मृत्यू झाले ५९. म्हणजे हृदय बंद पडण्याचे प्रमाण साधारण तेवढेच राहिले, लाखात एकाहूनही कमी. मृत्यूचे प्रमाण मात्र जवळपास निम्म्यावर आले. शेजारच्या माणसांनी लगेच छाती दाबायला सुरुवात करणे आणि विजेचा धक्का देणारे यंत्र जवळ असणे, ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. कोणी कोसळला, हाकेला उत्तर देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर पाणी पाजत बसू नये. १०८ला फोन लावावा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटिमीटर खोल दाबत राहावे.

हृदयाखेरीज आणखी दोन धोके ओळखून ठेवायला हवेत. पहिला उष्माघाताचा. पहाटेच्या शर्यतीतही, हवा दमट असेल तर घाम वाळत नाही आणि शरीर तापत जाते. धावपटू असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला सावलीत आणून बर्फाच्या किंवा थंड पाण्याने आधी गार करावे. रुग्णवाहिकेची वाट बघताना हे काम थांबवू नये.

दुसरा धोका अनेकांना उलटा वाटतो. तो आहे पाणी जास्त पिण्याचा. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्के जणांमध्ये सोडियम कमी झालेले आढळले. शर्यतीत वजन वाढलेल्या, म्हणजे घामावाटे गेले त्याहून जास्त पाणी प्यायलेल्या लोकांमध्ये हे अधिक होते. चार तासांहून जास्त वेळ धावणाऱ्यांमध्येही हे प्रमाण अधिक होते, कारण त्यांना वाटेत प्यायला वेळही जास्त मिळतो. डोके दुखणे, मळमळ आणि गोंधळलेपणा ही त्याची लक्षणे आहेत. प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करण्यापेक्षा तहान लागेल तसे पिणे चांगले.

नाव नोंदवण्याआधी

चाळिशी ओलांडली असेल, किंवा मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू, वाढलेले कोलेस्टेरॉल, घरात कमी वयात हृदयविकार यांपैकी काही असेल, तर लांब शर्यतीआधी डॉक्टरांकडे जावे. तपासणी सामान्य आली तरी ती आयुष्यभराची हमी नव्हे. नवी तक्रार उद्भवली की पुन्हा दाखवावे. पळताना छाती दाटणे, चक्कर येणे, शुद्ध हरपणे किंवा छातीत खूप धडधडणे, यांपैकी काहीही झाले तर सराव तिथेच थांबवावा. अंतर आठवड्याला थोडे थोडेच वाढवावे. ताप किंवा जुलाब असताना धावू नये. शर्यतीआधी वेदनाशामक गोळी घेऊ नये. शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडांना इजा करू शकते, शिवाय थांबायला सांगणारी वेदनाही झाकते. शेवटचा टप्पा दिसला की जीव खाऊन पळण्याचा मोहही आवरावा. सरावात जो वेग जमला, तोच त्या दिवशी राखावा.

आणि अर्ध्यात थांबावे लागले, तर थांबावे. निकालाच्या यादीत ‘शर्यत अपूर्ण’ असे लिहिले जाईल, एवढेच. आधीच्या सहा महिन्यांनी रक्तवाहिन्यांना जे दिले, ते त्या शेऱ्याने परत जात नाही.

स्टेंटनंतरचे आठ महिने त्या गृहस्थांनी शिस्तीने काढले. गोळ्या चुकवल्या नाहीत. आधी चालणे, मग भरभर चालणे आणि पुन्हा ट्रेडमिलची चाचणी, असे टप्पे डॉक्टरांच्या देखरेखीखाली पार पाडले. मग पाच किलोमीटरच्या एका शर्यतीत नाव घातले. या वेळी नावे दोन होती. पत्नी म्हणाल्या, “तुम्ही वाटेत काय करता ते कळायला नको?” दोघे बराच भाग चालले, थोडा भाग पळाले आणि जवळजवळ शेवटी पोहोचले.

टीव्हीच्या वरच्या रांगेत आता दोन खिळे वाढले आहेत. त्यांवरची पदके अगदी सारखी आहेत. त्यातले त्यांचे कोणते आणि पत्नीचे कोणते, हे दोघांनाही सांगता येत नाही.